मालनचे दवबिंदू आणि सुभद्राबाईंचा चातुर्मास

सुभद्राबाईंनी सुनेच्या रुखवतातल्या एका मातीच्या परळाला बोट लावलं आणि ते चिकटलं. सासूसुनेचं बिनसलं ते तिथून.

१९७८ सालच्या मार्गशीर्षातलं लग्न. तुंगारेश्वराच्या डोंगरपायथ्याची मालन सांडोरच्या केळीवाल्या घरात सून होऊन येत होती. रुखवतात लोकरीचे पोपट होते, मण्यांचं तोरण होतं, आणि मधोमध या परळात रुपयाएवढी लालसर रोपटी. पानापानावर केस, केसाकेसावर दवाचा थेंब. बायकांना वाटलं, काचेच्या मण्यांचं काम आहे. सुभद्राबाईंनी कौतुकाने बोट लावलं. तेवढ्यात एक चिलट शेजारी येऊन बसलं आणि उठायचं विसरलं.

"हे काय गं?"

"दवबिंदू, आई," नवी नवरी मुंडावळ्या सावरत म्हणाली. "मी बियांपासून वाढवलेत. किडे खातात."

वसईत राहून सुकटीचा वारा आला की खिडक्या लावून घेणारं हे घर. भुईगावचा ॲन्सेल्म केळीचे मुनवे लावणीला न्यायला यायचा, तेव्हा त्याच्या मासळीच्या पिशवीला फाटकाबाहेर सायकलवरच थांबावं लागे. अशा घरात मांसाहारी पाहुणे शिरले, तेही मुळांसकट!

"झाडंच मांस खायला लागली तर वाघाने काय पालेभाजी खुडायची?" सुभद्राबाईंनी नवऱ्याला विचारलं. तुळशीदासांनी वाघाच्या वतीने काही बोलायचं टाळलं.

मालन मात्र वाळलेले तुरे झटकून नवनवीन परळांत बी पेरत राहिली. तुळशीजवळून हाकललेले परळ न्हाणीघरामागे भिंतीलगत रांगेने बसले. एका सकाळी सुभद्राबाईंचा संयम संपला. कुंपणापलीकडे शेजारीण कमळी धुणं वाळत घालत होती. तिच्या कानात पडलेलं संध्याकाळपर्यंत साऱ्या सांडोरात पोचत असे. तिला ऐकू जाईल अशा बेताने त्या कडाडल्या, "ही बाळंतपणाला जाऊ दे एकदा! सगळा खाटीकखाना उकिरड्यावर फेकते की नाही बघ!"

पुढच्याच वर्षी, गणपती उठल्यावर, मालन खरोखरच बाळंतपणाला निघाली. पावसाच्या पाण्याने भरलेलं पिंप दाखवून म्हणाली, "आई, विहिरीचं नको, एवढंच पाणी घाला. बाकी काही नको."

तिने वर हातही जोडले. फेकू नका, असं ती म्हणाली असती तर सुभद्राबाईंनी भांडण तरी केलं असतं. जोडलेल्या हातांशी भांडायचं कसं? त्या एवढंच म्हणाल्या, "जा निश्चिंत. तू येईस्तो एक पान हलणार नाही."

शब्द दिला आणि पंचाईत सुरू झाली. चातुर्मास चालू होता. आपल्या ताब्यातल्या झाडांनी हत्या केली तर पाप कोणाच्या नावावर? सुभद्राबाईंनी दुधावर ठेवायची जाळीची झाकणं आणून परळांवर पालथी घातली. आता एक चिलट आत जाईल तर शपथ. पण मग झाडं उपाशी. सून 'बाकी काही नको' म्हणाली होती खरी, पण तसं तर प्रत्येक पाहुणा म्हणतो. म्हणून काय त्याला उपाशी धाडायचं?

दुसऱ्या दिवसापासून दवबिंदूंना मऊ वरणभात सुरू झाला. चमच्याच्या टोकाने, पानापानावर, वर तुपाचा थेंब. बागेतल्या प्रत्येक झाडाला त्या एरंडीची पेंड घालत, म्हणून परळातही चिमूट चिमूट गेली. "सवय लागली की खातील. ॲन्सेल्मसुद्धा आपल्याकडे अळूवडी खातो," त्या म्हणाल्या.

ॲन्सेल्मचं पोट मजबूत होतं. दवबिंदूंवर आधी पांढरी बुरशी आली, मग ती काळी पडली, मग त्यांचा लगदा झाला.

कमळीने कुंपणावरून नाक वर केलं. "काय गो सुभद्रे, उरकलंस वाटतं? म्हणाली होतीस तसंच केलंस हो!"

सुभद्राबाई परळ गोळा करू लागल्या. झाडं मारायचीच असती तर एका लाथेत मारली असती. इथे तूप घालून मारली होती, आणि हे कोणाला पटणार? आपणच गावाला ऐकवलं होतं. ओल्या बाळंतिणीच्या कानावर कोणीतरी घालणारच, सासूने सूड उगवला. आणि ती तरी आयुष्यभर दुसरं काय समजेल?

उकिरड्यावर परळ उपडे करताना लगद्यातून एक वाळका तुरा वर आला. त्यांनी तो पदरावर झटकला. तपकिरीच्या भुकटीसारखं बी पडलं. ते त्यांनी बागेतल्या सर्वांत कसदार मातीत, शेणखत मिसळून पेरलं. चवळी उगवली, टोमॅटो उगवला. दवबिंदू नाही.

चिमूटभर बी उरलं होतं. तेव्हा कुठे त्यांना आठवलं, की हे बी मालनच्या माहेरचं, आणि तिथल्या मुरमाड डोंगरउतारावर गवतसुद्धा विचार करून उगवतं.

"अहो, उद्या तुंगारेश्वराला जा."

"दर्शनाला?"

"मुरूम आणायला. आणि व्याह्यांना दिसू नका."

तुळशीदास गोणी घेऊन गेले आणि अर्थातच व्याह्यांना दिसले. सांडोरच्या काळ्याभोर जमिनीचा मालक आपल्या डोंगराचा मुरूम का भरतोय, हे त्या भल्या माणसाला कळेना. "देवाला आलो होतो. प्रसाद म्हणून थोडी माती," तुळशीदास म्हणाले. प्रसाद दोन्ही हातांनी उचलत नव्हता.

त्या मुरमात, पावसाच्या पाण्यावर, दिवाळीनंतर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उगवले. या वेळी सुभद्राबाईंनी चमचा लांब ठेवला. झाकणही काढलं. फक्त एक पिकलेल्या केळ्याची साल परळाशेजारी टाकली. सालीवर चिलटं आली. काही परत गेली, काही राहिली. त्या तिकडे पाठ करून जपमाळ ओढत बसत, अधूनमधून मान वळवून कोण कोण राहिलं ते बघत.

माघात मालन बाळ घेऊन आली. तमाशा बघायला कमळी आधीच ओट्यावर हजर होती. मालन थेट न्हाणीघरामागे गेली आणि वाकून पाहत राहिली.

"आई, हे माझे नव्हेत."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" कमळी म्हणाली.

"तू गप गो!" सुभद्राबाईंनी पदर खोचला. "तुझे मेले. मी वरणभात भरवला त्यांना. हे आहेत ते मी पेरलेले. काय बोलायचंय ते बोल."

"तूप पण घातलंत?"

"मग! कोरडा भात घालीन होय मी कोणाला?"

मालन इतकी हसली, की तिला बाळ सासूच्या हातात द्यावं लागलं. "शाळेत असताना मी शेवयांची खीर घातली होती, आई. झाडं आणि परळ, दोन्ही मुंग्यांनी नेलं. माझ्या बाबांनी गोणीचं सांगितलं तेव्हाच ओळखलं, इकडे कोणीतरी जेवून मेलं." मग तिची नजर सालीवर गेली. "आणि ही साल?"

"कुजत पडलीय. तिथे कोण येतं, कोण जातं, मी बघत नाही."

कमळी धुणं राहिलंय म्हणत उठली. एक माशी बाळाच्या नाकाभोवती घोटाळू लागली. सुभद्राबाईंनी बाळाचं तोंड पदराने झाकलं, आणि पायाच्या अंगठ्याने साल हळूच परळाकडे सरकवली.