अंगणातलं साल

गावाहून, उकव्याहून, बाबांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी लालबर्‍याच्या शाळेत वर्गावर होते. "बाबा सकाळी उठलेच नाई," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता काही आठवडे झाले, पण शाळा सुटल्यावर कुणाला फोन करायचा हे अजून कळत नाही.

बाबा जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे वनरक्षक, होते. सालाची झाडं हाच त्यांचा गोतावळा. पावसाळ्यात या झाडांत बोरर किडा शिरतो, आतून लाकूड पोखरत जातो आणि बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो. फार पोखरलेलं झाड पाडावंच लागतं, नाहीतर शेजारच्या झाडांनाही कीड लागते. बाबा खोडाला कान लावून आतलं कुरतडणं ऐकायचे. कुणी आपल्या दारच्या झाडासाठी गयावया केली, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "एकाच्या मायेपायी सारं जंगल किड्याले खाऊ घालू का?" आई म्हणायची, या माणसाच्या छातीत काळीज नाही, लाकडाची गाठ आहे.

आमच्या अंगणाच्या कडेलाही एक सालाचं झाड होतं. आई दुपारी तिथं तांदूळ निवडत बसायची, निवृत्तीनंतर बाबाही शेजारी येऊन बसायचे. ती गेल्यावर ते एकटेच राहिले. माझ्याकडे चला म्हटलं की जंगलाचं निमित्त पुढे करायचे. मागच्या पावसाळ्यानंतर मी घरी गेले, तर त्या झाडाच्या बुंध्याशी भुसा... बाबांना तोवर नीट ऐकू येईनासं झालं होतं.

"तू आयक," ते म्हणाले. "मले आता समजत नाही."

मी कान लावला. आत बारीक कुरतडणं चालू होतं. त्यांच्या तोंडाकडे मला पाहवेना.

"येऊन राह्यला का आवाज?"

"हौ, बाबा," मी मोठ्यानं म्हटलं.

ते वळले. चपला घातल्या आणि स्वतःच खात्याच्या ऑफिसात सांगून आले. झाड पडेपर्यंत अंगणात उभे होते. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

शेवटची भेट उन्हाळ्यातली. भर दुपारी बाबा अंगणाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले, डोक्यावर ओला गमछा.

"काहून उन्हात बसले, बाबा? वसरीत या ना."

"सावली गेली त्याले मी काय करू?" ते म्हणाले. "आमची बसाची जागा तं हेच आहे ना."

खुर्ची अजून तिथंच आहे. रविवारी जाते तेव्हा आत नेऊन ठेवावी असं मनात येतं... काकू त्यांच्या ओसरीतून सावलीत बोलावत राहतात. मी डोक्यावर पदर घेते आणि उन्हात बसते.