बाबांच्या नावाचा पतंग
संग्रहालयात कीटक सांभाळणाऱ्या ताईंनी ससाण्यासारख्या वेगाने उडणाऱ्या, राखाडी पंखांच्या लहान ससाणा-पतंगाची मोठ्या तपकिरी पतंगाहून वेगळी प्रजाती ठरवली आणि तिला अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं नाव दिलं. वडील भेटायला येणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला सांगत सुटले.

पुढे ताईंनी घरी एकाच मादीची अंडी वाढवली. शेपटीवर शिंग असलेल्या अळ्या कुंडीतल्या मातीत शिरल्या, कोषात गेल्या आणि त्यांतून मोठे तपकिरी पतंग निघाले, तसेच लहान राखाडीही. दोन्ही एकाच आईची पिल्लं, म्हणजे प्रजाती एकच होती. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहकाऱ्यांपुढे चूक कबूल करून त्या वडिलांच्या खाटेशी आल्या. मान वर होईना.

"बाबा, तुमच्या नावाची प्रजाती नाहीच. मी घाई केली."

बाबांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "शेजाऱ्यांना मी सांगू की तू?"

"मीच सांगते," म्हणत ताई चपला घालायला उठल्या.