साहेब काय म्हणाला?

अंजना भित्री होती. पालीला भिणारी, एस.टी.च्या कंडक्टरला भिणारी, मॅट्रिकच्या पेपरावर स्वतःचं नाव लिहितानाही हात कापणारी. आई पार्वतीबाई म्हणायची, "हिच्या काळजाचं पानी व्हायला येळच लागत न्हाई." आणि नेमक्या अशा मुलीवर त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका गोऱ्या साहेबाची जीभ व्हायची पाळी आली. पाळी नेहमी चुकीच्या माणसावरच येते म्हणा.

झालं असं की, दुष्काळानं विहिरी तळाला गेल्या आणि परदेशातल्या कुणा दानशूर मंडळींनी कासुर्डीच्या माळावरच्या अंजनाच्या वाडीत बोअरची गाडी पाठवली. यंत्रावर डग्लस नावाचा साहेब. वाडीनं लगेच त्याचा 'डगलेसाहेब' केला. त्याच्यासोबत पुण्याहून आलेला दुभाषा कावीळ होऊन परत गेला. वाडीत इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेलं माणूस एकच, साहेबरावची लेक अंजना. दौंडला रेल्वेतल्या मामाकडं राहून शिकलेली. पण ती बौद्धवाड्यातली, आणि गाव त्या वाड्याला अजून जुन्याच नावानं हाक मारायचं. गावानं नाकं मुरडली, पण अडला हरी! पोरीला बोलावणं गेलं.

शाळेतलं इंग्रजी सरळमार्गी होतं. गिव्ह म्हणजे देणे, ड्राय म्हणजे कोरडा. साहेबाच्या तोंडी मात्र एकेका क्रियापदाला शेपूट. विहीर 'ड्राय अप' होते, झरा 'गिव्ह आउट' होतो, भोकाच्या कडा 'केव्ह इन' होतात, खडकाच्या चिरेतून पाणी 'सीप थ्रू' होतं. देणं कुठं आणि आटणं कुठं! पहिल्या दिवशी तिला दरदरून घाम फुटला. मग तिनं एक केलं. साहेब बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं बघायचंच नाही, त्याच्या हाताकडं आणि यंत्राकडं बघायचं. माती ढासळली, ते केव्ह इन. वर येणारा धुरळा ओलसर झाला, ते सीप थ्रू. अर्थ डोळ्यांनी गोळा करायची आणि घरी चुलीपुढं आईला सांगायची.

"आई, जाळ एकदम वर येतो ना, त्याला फ्लेअर अप म्हणत्यात."

"आपल्यात त्याला भाकर करपली म्हणत्यात," आई म्हणायची. "हिकडं बघ आधी."

शब्द हळूहळू वश झाले. भीती मात्र वाढतच गेली, आणि ती उगाच नव्हती. साहेब इंग्रजीत बोलणार, गाव मराठीत ऐकणार, आणि मधलं जे काय ते एकट्या अंजनाच्या तोंडात. ते खरं की खोटं हे तपासणारं आसपास कुणी नव्हतं.

साहेबानं सगळी वाडी फिरून दोन जागा पाहिल्या. एक चावडीपुढची, गावाच्या पसंतीची. दुसरी बौद्धवाड्याच्या कडेची, बाभळीखालची. मग चावडीवर सगळे जमले आणि साहेब अंजनाकडं वळून बोलायला लागला. चावडीखाली भुसभुशीत थर आहे, भोक केव्ह इन होईल. बाभळीखाली खडक पक्का आहे, पाणी तिथंच लागेल. बोलून झालं आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळले.

"साहेब काय म्हणाला?" सरपंच पोपटरावांनी विचारलं.

खरं सांगावं तर आई मार खाते, न सांगावं तर बाप कुत्रं खातो, अशी अंजनाची गत. साहेबानं दुसरी कुठलीही जागा दाखवली असती तर ती आनंदानं सांगून मोकळी झाली असती. पण त्यानं दाखवली ती नेमकी तिच्याच दाराशी. क्षणभर तिच्या मनात आलं, चावडीच सांगून टाकावी. कुणाला कळणार आहे? पण पाणी लागलं नाही तर सगळी वाडी तहानेनं मरेल, आणि त्यात आपलं घरही आलंच. तिनं जमिनीकडं बघत, कापऱ्या आवाजात, जे होतं ते सांगितलं.

मग पोपटराव हसले. "व्वा गं! साहेबाच्या तोंडातून नेमकी तुझीच बाभळ निघाली व्हय?"

"त्यो तसंच म्हणाला," अंजना पुटपुटली.

"म्हणाला असंल. तूच सांगनार, आन् आमी ऐकनार!"

चावडीचं ठरलं. साहेबानं खांदे उडवले. खाली मान घालून परतताना अंजनाला रडू आवरेना. खोटं न बोलताच ती खोटारडी ठरली होती.

यंत्र चावडीपुढं सुरू झालं तेव्हा अख्खी वाडी लोटली. कॉम्प्रेसरपासून यंत्रापर्यंत हवेचा मनगटाहून जाड रबरी पाइप पसरला होता. त्या पाइपाच्या जोडापाशी, एका धोंड्यावर, ज्ञानू आबा घोंगडी टाकून बसले होते. तरुणपणी मेंढरांमागं सगळा मुलूख हिंडलेला माणूस. पाणी लागलेलं पहिल्यांदा आपण बघायचं, हा त्यांचा हट्ट.

बराच वेळ नुसता कोरडा धुरळा उडाला. मग यंत्राचा आवाज बदलला, घुसमटला. अंजनाला पोटातूनच कळलं की खाली कडा ढासळल्या, आत खोदायचं हत्यार अडकलं आणि हवेला वाट उरली नाही. पाइप फुगला. आबांच्या शेजारचा जोड फुस्सकन वाजायला लागला.

"गेट बॅक!" साहेब ओरडला. "इट्स गोइंग टू ब्लो ऑफ!" आणि तो कॉम्प्रेसर बंद करायला पलीकडं धावला.

"मागं सरा!" अंजना किंचाळली. "पाइप उडतोय! आबा, उठा!"

कुणी हललं नाही. "झालं हिचं सुरू," पोपटराव म्हणाले आणि चारचौघं हसली. आबांनीही हात झटकला. "ए पोरी, हितलं पानी तुला बघवंना व्हय?"

अंजनाला पाइपाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. उभ्या जन्मात तिनं चावडीपुढच्या कुणाला हात लावला नव्हता. तिच्या आजीनं नाही, आईनं नाही. जोडातून शिट्टी वाजायला लागली तशी ती धावली आणि आबांचं मनगट धरून सगळ्या ताकदीनं ओढलं. दोघंही धुळीत पडली. धाडकन आवाज झाला, पाइप सुटला, पिसाळल्यासारखा फिरला आणि आबा बसले होते त्या धोंड्यावर आदळला. घोंगडीच्या चिंध्या झाल्या.

साहेबानं यंत्र बंद केलं. आणि गर्दीतून पहिलं वाक्य आलं ते काय? "शिवली की ती आबाला!"

माणसाचा जीव वाचला ह्याचं नवल नाही, शिवल्याचं नवल. आणि गंमत बघा, विटाळ धुवायला वाडीत तांब्याभर पाणी नव्हतं. टँकर आला तर प्यायलाच पुरायचा नाही. आबा धुळीत बसून नुसते आपल्या मनगटाकडं बघत होते.

साहेबानं चावडीचं भोक सोडून दिलं आणि गाडी बाभळीखाली नेली. अंजनानं तसं सांगितलं तेव्हा पोपटराव बाजूला सरले. बाभळीखाली आधी ओला चिखल आला, मग पाण्याचा फवारा. बौद्धवाड्यातल्या पोरी भिजत नाचल्या. हापसा बसला, गाडी भांडगावाकडं निघून गेली, आणि गाव लांब उभं राहून बघत राहिलं. तहान होती, पण पहिलं कोण जाणार?

पहिली आली सगुणाबाई, आबांची बायको. तांब्याचा हंडा घेऊन, कुणाकडं न बघता. हापशाशी अंजनाच होती. ती घाबरून बाजूला झाली. सगुणाबाईनं दांड्याला लोंबकळून पाहिलं, पण नवा दांडा घट्ट आणि अंगात बळ नाही.

"हात लाव की गं," अखेर ती म्हणाली. "बघत काय ऱ्हायलीस?"

दोघींनी मिळून दांडा दाबला. पाणी खळखळून आलं. हंडा अर्धा झाला आणि सगुणाबाई थांबली.

"त्यांच्या अंगोळीला न्यायचंय," ती खाली बघून म्हणाली. "त्या दिसाचा इटाळ तसाच हाय. पन ह्ये पानी बी तुझ्याच हातचं. तू शिकलेली हायस, सांग बरं, मग इटाळ जातो का ऱ्हातो?"

आजवर अंजना साहेबाचं सांगत आली होती. चुकलं तर शब्द साहेबाचा. ह्या प्रश्नामागं साहेब नव्हता. जे काही बोलायचं ते तिचं तिनंच बोलायचं होतं, आणि समोर अख्खं गाव कान टवकारून उभं होतं.

"आजी," तिचा आवाज कापत होता, "त्या दिशी मी हात धरला नसता, तर तुमी आबांना अंगोळ घातलीच असती. पन ती शेवटची."

सगुणाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि दांड्यावर पुन्हा हात ठेवला, अंजनाच्या हाताला लागूनच.

"हाण पोरी," ती म्हणाली. "भरू दे काठोकाठ. प्यायला बी लागंल."