टॉवेलाखालची बोटं
काल कपाटात वडिलांचा जुना टॉवेल सापडला. त्याला अजून बैलांच्या पेंडीचा वास आहे. नववीत असताना सकाळ झाली की मला शाळेत जायची भीती वाटायची, आणि का ते कुणाला सांगताच यायचं नाही. वडील घोडेगावच्या बाजारात बैलांचे सौदे टॉवेलाखाली बोटं धरून करायचे; जेवढी बोटं तेवढा भाव, बघणाऱ्यांना कळू नये म्हणून. एका सकाळी शाळेच्या फाटकाशी त्यांनी तोच टॉवेल आमच्या हातांवर टाकला. "बोलू नगं. जेवढं भ्या वाटतंय, तेवढी बोटं धर." मी पाचही धरली. "लई हाय की! बरं, मी हितंच बसतो," म्हणत ते शाळा सुटेपर्यंत लिंबाखाली बसून राहिले. आज परीक्षा केंद्राच्या दारात माझी लेक पाऊल आत टाकेना. मी पिशवीतला टॉवेल काढून आमच्या हातांवर टाकला. "जेवढं भ्या वाटतंय, तेवढी बोटं धर." तिनं वासानं नाक मुरडलं, मग खालून माझी तीन बोटं घट्ट धरली. "हितंच बसते," मी म्हणाले.