पोशेऱ्याच्या खाचरात माझं स्टॉपवॉच

मी एका पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी करते. माझं काम म्हणजे हातात स्टॉपवॉच घेऊन लोकांच्या पाठीशी उभं राहायचं आणि कोणाचे किती सेकंद वाया गेले ते टिपायचं. त्यामुळे कारखान्यात मी किती लाडकी आहे हे वेगळं सांगायला नको! तर जुलैत आमच्या पॅकिंग लाइनवरची सुरेखा गावाकडच्या आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, रजा मागायला आली आणि मी तिला शहाणपणाने म्हणाले, "अगं, एवढ्याशा शेताला चार दिवस? नीट आखणी केलीत तर दोन दिवसांत होईल."

"मग चला की, दाखवा करून," सुरेखा म्हणाली.

झालं. शनिवारी सकाळी साडेसहाला मी, माझी छोटी गाडी आणि मागच्या सीटवर ढोपरापर्यंतचे नवे कोरे गमबूट, असे आम्ही ठाण्याहून निघालो. सुरेखा आदल्या दिवशीच एसटीने गेली होती. भिवंडी, वाडा, विक्रमगड, जव्हार असा रस्ता. वाड्यापर्यंत खड्डे चुकवण्यातच जीव जातो, म्हणून वेळ हाताशी ठेवून निघा. पण विक्रमगड सोडलं आणि घाट लागला की माणूस उगाच हसायला लागतो. इतकं हिरवं! ढग रस्त्यावर उतरलेले, प्रत्येक वळणावर पाणी कोसळतंय, आणि मी गाडीत एकटीच "अगं बाई, अगं बाई" करतेय. जव्हारला साधी, स्वच्छ खोली नऊशेत मिळाली. राजवाडा पाहिला, हनुमान पॉइंटवर जाऊन फक्त धुकं पाहिलं, आणि दोन प्लेट गरम भजी एकटीने संपवली.

रविवारी सकाळी मोखाड्याच्या रस्त्याने पोशेऱ्याला पोचले. सुरेखाची आई जिजाबाई अंगणातच होती. तिने माझे गमबूट पाहिले आणि पदर तोंडाला लावला. पाचव्या मिनिटाला मला कारण कळलं: बूट चिखलात रुतून बसले आणि मी तेवढी बाहेर आले. दिवसभर मग अनवाणी.

इथली पद्धत अशी. मजूर लावायचे नाहीत. आज सगळ्या बाया जिजाबाईच्या शेतात, उद्या सगळ्या शेजारच्या कमळीच्या, परवा तिसरीच्या. ज्याने दिवस दिला त्याला दिवस परत द्यायचा. म्हणजे जिजाबाईच्या वाट्याला हा एकच रविवार. दोन खाचरांचं भाताचं रोप पहाटेच उपटून, मुठी बांधून ठेवलेलं. आज लागलं नाही तर उरलेल्या तुकड्यात या वर्षी भात नाही.

आठ बाया एका ओळीत वाकून, लावत लावत मागे सरकत होत्या. तोंडं अखंड चालू. वरचं खाचर जेवणाआधीच झालं. पण माझी नजर भलतीकडेच. कमळीचे हात यंत्रासारखे चालत, आणि ती दर थोड्या वेळाने शेजारणीसाठी थांबत होती! माझ्यातला इंजिनिअर उसळला. नागलीची भाकर आणि खुरसणीची चटणी खाता खाता (म्हणजे आपली नाचणी आणि कारळं; तिसरी भाकर होती, लपवत नाही) मी जाहीर केलं, "खालच्या खाचराचे आठ पट्टे पाडू. प्रत्येकीचा पट्टा वेगळा. जिचा झाला तिने बाहेर येऊन बसायचं."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पाहुणीचा मान ठेवायचा म्हणून सगळ्या उठल्या. मी दोऱ्या बांधल्या, स्टॉपवॉच दाबलं आणि कॉलर ताठ करून बांधावर उभी राहिले.

पहिली वीस मिनिटं झकास. मग काहीतरी बिनसलं. कमळीचा पट्टा संपत आला आणि तिचे हात मंदावले. दुसरीही पुढे गेली, तीही मंदावली. आठही जणी तिरक्या नजरेने एकमेकींचे पट्टे बघत, एकेक रोप देवाला फूल वाहावं तसं लावत होत्या. शेवटून पहिलं येण्याची शर्यत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली!

"कमळे, संपव ना!" मी ओरडले.

"मी कशी बांधावर चढू?" कमळी म्हणाली. "ह्या बाया वाकलेल्या नि मी वर बसू? लाज नाय मला?"

बाकीच्यांना चिखलात सोडून इथे कोणी आधी वर येतच नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागतं असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तोवर चार वाजले होते, अर्धं खाचर रिकामं होतं आणि मुठी कोमेजायला लागल्या होत्या. जिजाबाई त्या मुठींकडे बघत होती. या बाईचं वर्षभराचं जेवण मी दोन तासांत बिघडवलं होतं.

"बाय," जिजाबाई शांतपणे म्हणाली, "ता घड्याळ झाडाला अडकव नि वाक."

मी दोऱ्या सोडल्या, घड्याळ अडकवलं आणि वाकले. पुन्हा एक ओळ झाली. मी सगळ्यांत हळू होते. माझ्या डावीकडे कमळी, उजवीकडे सुरेखा. माझ्या हातून सुटलेली जागा दोघी दोन्हीकडून भरत होत्या आणि माझ्या गमबुटांची गोष्ट ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दरवेळी वाढत जात होती. हसून हसून मी दोनदा चिखलात बसले. उजेड जायच्या आत शेवटची मूठ लागली आणि आम्ही सगळ्या एकदमच वर आलो. इतक्या आनंदात मी कुठल्याच कामावरून उठलेली नाही.

घरी आल्यावर कंबर चार दिवस धरली होती. नखांतला चिखल आठवडाभर गेला नाही. टीव्हीवर देशाची उत्पादकता कशी वाढेल यावर तावातावाने चर्चा चालली की मला ते आठ पट्टे दिसायचे. कारखान्यात मी लाइनवरचा एकेकीच्या आकड्यांचा फलक उतरवून संपूर्ण लाइनचा एकच आकडा लावला. साहेबांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. बघू.

खरी गंमत पुढेच. भादव्यात एका रविवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात सुरेखा, जिजाबाई आणि कमळी.

"तुझा दिवस द्यायचा राहलाय," जिजाबाई म्हणाली. "काम सांग."

"अहो, पण मी तर तुमचं काम बिघडवलं!"

"बिघडवलास ता खरा. पन दिवसभर आमचे चिखलात व्हतीस ना?"

मी घरभर पाहिलं. कपड्यांना मशीन, भाज्या फोनवर, माझं काम लॅपटॉपमध्ये. दुसऱ्या कोणाचा हात लागेल असं एकही काम मला सुचेना, आणि त्याचं मला एकदम रडूच आलं. कमळीने ते पाहिलं, पदर खोचला आणि विचारलं, "त्या माळ्यावर काय हाय?"

संध्याकाळपर्यंत माळा रिकामा, कपाट हवं तिथे, आणि आवाज कसला म्हणून डोकावलेल्या समोरच्या काकू चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात कांदे चिरत बसलेल्या. निघताना मी म्हणाले, "झालं हं जिजाबाई, फिटला दिवस."

"कसा फिटला?" जिजाबाईने बोटं पुढे केली. "तू आलीस एकली. आम्ही आलो तिघी. दोन दिवस तुझे अंगावर. नागली कापायला ये."

मग तिने काकूंकडे वळून पाहिलं. "नि तू पन ये गं. तुझा अर्धाच दिवस झालाय, अर्धा राहलाय."