सात नंबरचा पेला

त्या बाकड्याला 'बाळंतिणीची खोली' हे नाव मीच ठेवलं. हे आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आमचं फायर स्टेशन कारखान्यांच्या वसाहतीत, उघड्या कातळी सड्यावर. झाड म्हणाल तर एक काजू, तोही आमच्यासारखाच उन्हानं करपलेला. तिथं आमच्या नव्या सबऑफिसर मॅडम आल्या, कोल्हापूरकडच्या, आणि आल्या आल्या त्यांनी एक नियम घातला. आगीवर गेलं की हवेचा सेट पाठीला लावून आत जाणाऱ्यानं आपला नंबराचा पितळी बिल्ला त्यांच्या हातात द्यायचा. तो मॅडम एका फळीवर टांगणार. एक सिलिंडर संपला की बाहेर यायचं, बिल्ला परत घ्यायचा आणि गाडीच्या सावलीत मांडलेल्या बाकड्यावर बसायचं. बूट काढायचे, कोट उघडा टाकायचा, डोक्यावर ओला टॉवेल. वीस मिनिटं झाली की त्या नाडी मोजणार. नाडी खाली आली नसेल तर पुन्हा बसा. माणूस आगीनं मरतो त्यापेक्षा दमून जास्त मरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आम्हाला हसू आलं. आग समोर धडधडतेय आणि आपण बूट काढून टॉवेल घेऊन बसलोय! त्यात आमचे ड्रायव्हरकाका. पंप चालवणारा हा म्हातारा, निवृत्तीला वर्षभर उरलेलं, त्यांना मॅडमचा नियम असा काही आवडला की विचारू नका. त्यांनी घरून मोठी किटली आणली. कोकमाच्या आगळात मीठ, किंचित साखर आणि माठाचं पाणी. स्टीलच्या पेल्यांवर लाल ऑइलपेंटनं प्रत्येकाच्या बिल्ल्याचा नंबर रंगवला. बाकड्यावर बसलेल्यानं आपला पेला रिकामा करून गाडीच्या पायरीवर पालथा घालायचा. उताणा दिसला की काका हजर. मी त्यांना सुईण म्हणायला लागलो, आणि बाकड्याचं नाव त्याच दिवशी पडलं.

माझा नंबर सात. माझा पेलाही पालथा असायचा, पण मी तो मागच्या चाकाखाली ओतून मग पालथा घालायचो. एकदा काकांनी पकडलं.

"मेल्या, माझा आगळ टायरला पाजतोस?"

"टायर दमलाय काका. मी नाय."

मी मंडणगडकडचा. आमच्या वाडीला पाणी खालच्या पऱ्यातून, ओढ्यातून वर आणावं लागे आणि आई दोन हंडे डोक्यावर घेऊन ती चढण न थांबता चढायची. आमच्या घरात 'दमलो' म्हणायचा हक्क फक्त बैलाला होता. त्यामुळं कुणी मला बस म्हटलं की माझं डोकं फिरायचं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. तेव्हा मात्र मला तो मोठेपणाच वाटायचा.

माझा जोडीदार खाडीकडचा, बाप बोटीवर नोकरीला असलेला. आम्ही एकत्र भरती झालो, एकत्र शिकलो, उंचीही सारखी. माझ्या विनोदांना सगळ्यांत मोठ्यानं हसणारा तोच. त्या उन्हाळ्यात तो जरा कमी हसायला लागला होता. जिना चढला की कठडा धरून उभा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "ॲसिडिटी हाय." वर्षाची तपासणी पुढच्या महिन्यात होती. त्यात काही निघालं तर त्याला टेलिफोनच्या खोलीत बसवतील, ही भीती त्याला होती, आणि ती मला ठाऊक होती.

मे महिन्यातली दुपार. एका कारखान्याच्या गोदामाला आग लागली. आत पॅकिंगचा माल, रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यांच्या थप्प्याच थप्प्या. ज्वाळा फार नाहीत, पण धूर असा की हात लांब केला तर बोटं दिसेनात. लोट्याच्या फायर स्टेशनहून मदतीला आणखी एक गाडी आली होती. मी पहिल्या फेरीत आत गेलो आणि सिलिंडर संपवून बाहेर आलो. बिल्ला घेतला, बाकड्याकडं निघालो. जोडीदार तोवर बाहेरून जाड पोटाचे पाण्यानं भरलेले होज ओढत होता, तापलेल्या कातळावरून, अंगात तो जाड कोट घालून. आता आत जायची पाळी त्याची होती.

गाडीच्या आडोशाला त्यानं मला गाठलं. चेहरा राखेसारखा झाला होता.

"छातीत धडधडतंय रं," तो म्हणाला. "डोळ्यापुढं काळं येतंय."

"मग मॅडमना सांग. बस जाऊन."

"बाळंतिणीच्या खोलीत?" तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "तपासणी हाय पुढल्या महिन्यात. आता नोंद झाली की संपलंच."

माझाच विनोद माझ्याच तोंडावर आला होता. अशा वेळी शहाण्या माणसानं काय केलं असतं? त्याचा दंड धरून त्याला मॅडमपुढं उभं केलं असतं. मी म्हणालो, "तुझा बिल्ला दे. माझा घे. टॉवेल डोक्यावर ओढून माझ्या जागी बस. तुझी फेरी मी मारतो."

मुखवटा चढवला की आम्ही सगळे सारखेच. मी नवा सिलिंडर लावला, मॅडमच्या हातात अकरा नंबर ठेवला आणि लोट्याच्या फायरमनमागोमाग आत गेलो. तो आम्हा दोघांना ओळखायचा, पण त्यानंही मला जोडीदारच समजलं. फसवलं, याचं मला कोण कौतुक वाटलं!

पाच-सात मिनिटं गेली असतील. तो पुढं पाणी मारत होता, मी मागून होज देत होतो. होज एका रॅकच्या पायाशी अडकला. मी दोन पावलं बाजूला झालो, वाकलो, तो सोडवला आणि सरळ उभा राहिलो. तेवढ्यानं सगळं गोल फिरलं. होज हातातून सुटला. मी पुन्हा धरायला गेलो तो उलट्या बाजूला, थप्प्यांमधल्या एका बोळात. पाठीमागून गठ्ठे घसरले आणि मी गुडघ्यांवर आलो.

गठ्ठे फार जड नव्हते. ताज्या दमाच्या माणसानं ढोपरानं बाजूला सारले असते. मी ढकलायला हात उचलला तर हातच वर येईना. दोन्ही पोटऱ्यांना गोळे आले होते. पायाला म्हटलं ऊठ, पाय ऐकेना. मला कशानंही दाबून ठेवलं नव्हतं. माझंच अंग मला धरून बसलं होतं आणि त्याच्या हातून सुटायला माझ्याकडं दुसरं अंग नव्हतं. मी खूप घाबरलो.

ओरडलो. मुखवट्यात ओरडलेलं आपल्यालाच ऐकू येतं. वॉकीटॉकी पुढच्या माणसाकडं. मग बाहेरून गाडीचा भोंगा लांब वाजला, थांबून पुन्हा लांब वाजला. म्हणजे छप्पर खचतंय, सगळ्यांनी बाहेर या. मला जरा धीर आला. आता मोजणी होईल, एक बिल्ला फळीवर उरेल, मॅडम माणसं आत पाठवतील. नियम त्यासाठीच तर होता.

मग माझ्या लक्षात आलं की फळीवर उरणार तो अकरा नंबर. आणि अकरा नंबरवाला बाहेर बाकड्यावर बसलाय, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

ते कळल्यावर आत जे वाटलं ते मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. मरायची भीती एक असते. पण आपण आत आहोत हे बाहेर कुणाला ठाऊकच नाही, आणि ही व्यवस्था आपण स्वतः हौसेनं करून ठेवलीय, याची घुसमट वेगळी. मी आईला हाक मारली. या वयात. मग सिलिंडरची शिट्टी वाजायला लागली, हवा संपत आल्याची. मी श्वास हळू घ्यायला पाहत होतो आणि छाती भात्यासारखी चालली होती.

बाहेर अगदी तसंच झालं होतं. हे मला मागाहून कळलं. लोट्याचा फायरमन बाहेर आला. मागं कुणी नाही म्हणून चरकला, आणि बाकड्यावर जोडीदाराचा चेहरा दिसताच त्याला हायसं वाटलं, आपल्या आधीच आला वाटतं. मॅडमनी फळीवरचा अकरा नंबर काढला. जोडीदार टॉवेलखाली मान टाकून अर्धवट शुद्धीत बसला होता. "बिल्ला घ्यायचा विसरलात," असं म्हणून त्यांनी तो त्याच्या हातात ठेवला. त्यानं हात पुढं केला आणि घेतला. फळी रिकामी झाली. हिशेबानं सगळे बाहेर होते. मी म्हणजे केव्हाच बाहेर आलेला माणूस, असेन कुठंतरी होजपाशी.

तेवढ्यात ड्रायव्हरकाका पंप दुसऱ्याच्या हाती देऊन पायरीशी आले. सात नंबरचा पेला काठोकाठ भरलेला होता. तो घेऊन ते बाकड्यापाशी गेले आणि जोडीदाराला हलवून म्हणाले, "ह्यो कुठं गेला? आगळ प्यायला नाय त्यो."

जोडीदारानं डोळे उघडले, पेल्यावरचा आकडा पाहिला आणि खिशात हात घातला. दोन्ही बिल्ले त्याच्या तळव्यावर आले. मग तो जो ओरडला तो आवाज, म्हणतात, पंपाच्या आवाजावरही ऐकू गेला.

मला आठवतं ते इतकंच की कुणीतरी माझ्या सेटच्या पट्ट्यांना धरून मला ओढत होतं आणि माझ्या टाचा जमिनीवरून घासत होत्या. नंतर उजेड. नंतर काकांचा चेहरा.

"गरम झालाय," ते म्हणाले. "तरी पी."

आयुष्यात पहिल्यांदा मी तो पेला पूर्ण प्यायलो. ते उभे राहून बघत होते.

चौकशी झाली. मी सगळं खरं सांगितलं, मॅडमवर काही येऊ दिलं नाही. त्या मला फार बोलल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांना बरं नाही हे तुम्ही मला एकदा सांगायचं होतं. मी त्यांना बसवलंच असतं की. बाकडं त्यासाठीच होतं."

डॉक्टरांनी मला आगीत आत जायला कायमची मनाई केली. हृदयाला ताण पडलाय म्हणाले. जोडीदाराला रक्तदाब निघाला, गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांनी तो पुन्हा कामावर उभा राहिला. इतकंच होतं ते. ज्याला तो घाबरला होता ते एका गोळीचं काम होतं. पण तो अजून अधूनमधून विचारतो, "मी हात पुढं केला कसा रं? बिल्ला घेतला कसा?" मी सांगतो, तू शुद्धीत नव्हतास. त्याला ते पटत नाही, आणि त्याला हे ओझं मी दिलंय याचं मला रोज वाईट वाटतं.

काका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी किटली माझ्या हवाली केली. फळी आणि बाकडं आता माझ्याकडंच होतं, म्हणून. वर्षभर मी त्यांच्याकडं देवमाणूस म्हणून बघत होतो. सगळ्या गर्दीत एकाला तरी माझी उणीव जाणवली, असं मला वाटायचं. ते मी त्यांना बोलूनही दाखवलं.

काकांनी किटलीचं झाकण काढून पुन्हा बसवलं. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू? तुला काय झालंय म्हणून नव्हतो आलो मी. पेला भरलेला दिसला नि डोकं फिरलं. म्हटलं, आज तर ओतून टाकायचीसुदिक तसदी नाय घेतली ह्यानं. कानाखाली वाजवायला येत होतो."

मी हसलो. हसता हसता मला रडू फुटलं आणि त्या म्हाताऱ्यानं मला तसंच रडू दिलं.

आता पोरं मला सुईण म्हणतात. म्हणू देत. आगीवर पोचलो की पहिला सात नंबर भरतो आणि सगळ्यांदेखत पिऊन पालथा घालतो. मग बाकीचे. अकरा नंबर मात्र मी पायरीवर ठेवत नाही. जोडीदार बाहेर आला की त्याच्या हातात देतो, मुखवट्याखालचा चेहरा नीट बघतो आणि पेला पालथा होईपर्यंत तिथून हलत नाही. तो चिडतो. चिडू दे.