पडद्याला अस्तर

आधीच सांगते, हसायचं नाही हं! लग्नाला चार महिने झालेली मुलगी सासरी काय काय बिघडवू शकते? कोणी भात करपवते, कोणी वरणात मीठ दोनदा टाकते. मी भर टॉकीजमध्ये, अख्ख्या दिग्रसच्या समोर, एका हिरोची वाचा घालवली!

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, गावात जुनं टॉकीज आहे. एकच पडदा, लाकडी खुर्च्या आणि वर बाल्कनी. पण त्याची शान विचारू नका! कापसाच्या जिनिंगचा मालक आणि तिथलाच हमाल एकाच वेळी शिट्टी मारतात, अशी दुसरी जागा गावात दाखवा. निम्म्या दिग्रसने आपली नवी नवरी पहिल्यांदा नीट पाहिली, ती इथेच, इंटरवलच्या उजेडात. माहेरच्या, आर्णीच्या मैत्रिणींजवळ 'आमचं टॉकीज' म्हणायला मी हळद उतरायच्या आत शिकले होते.

यंदा मामाजींनी टॉकीजचं रंगकाम काढलं. पिक्चर वाटणाऱ्या कंपनीचे एक साहेब अमरावतीहून पाहणीला येणार होते. त्यांना टॉकीज पसंत पडलं तर नवा पिक्चर पहिल्याच शुक्रवारी आमच्याकडे लागणार. नाहीतर नेहमीसारखा, सगळ्या गावाने मोबाईलवर पाहून झाल्यावर!

"इज्जतीचा सवाल हाये," मामाजी जेवताना म्हणाले. "एक बी खोट दिसली नाही पाह्यजे."

दोन दिवस आधी मी डबा घेऊन टॉकीजवर गेले आणि सहज पडद्यापुढच्या ओट्यावर चढले. बघते तर काय! पडद्याला भोकं! एक-दोन नाही, वरपासून खालपर्यंत हजारो, सुईच्या टोकाएवढी! माझ्या बाबांचं आर्णीत शिलाईचं दुकान आहे. कापडाला कसर लागलेली मला झोपेतही कळते.

तुम्ही म्हणाल, कोणाला विचारायचं ना! कसं विचारणार? नव्या सुनेने सासऱ्यांना म्हणावं, मामाजी, तुमचा पडदा सडला? मी गुपचूप बाबांना फोन लावला.

"बाबा, इकडच्या पडद्याची पार चाळणी झाली."

"अरे देवा! मंग?"

"नवा आणाले वेळ नाही. मागून अस्तर लावता येईन?"

"अस्तर? पोरी, मी फाटक्या कोटाले अस्तर लावून नवरदेव उभे केले. माप सांग!"

पाहणीच्या दिवशी सकाळी मामाजी आणि अमोल, म्हणजे माझा नवरा, साहेबांना आणायला यवतमाळला गेले. तेवढ्यात बाबा आर्णीच्या एसटीतून उतरले, डोक्यावर गठ्ठा घेऊन. जाडजूड दुसुती, तीही दुहेरी, कडेने नाड्या. पडद्यामागे रंगाऱ्यांचा परांचा उभाच होता. बाबा वर, मी खाली. मागे कपाटाएवढे काळे खोके होते. त्यांना धूळ लागू नये म्हणून मी अस्तर त्यांच्या पुढून घ्यायला लावलं. आवाज तर भिंतींवरच्या डब्यांतून येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. कोणी सांगितलं? कोणी नाही, स्वतःच्या हुशारीने ठरवलं होतं!

समोरून पाहिलं तर एक भोक दिसेना. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तीनचा खेळ. हाऊसफुल्ल! बाल्कनीत साहेब, शेजारी कडक इस्त्रीचे मामाजी, मागच्या रांगेत अमोल, मी आणि बाबा. पिक्चर सुरू झाला. हिरो आला, शिट्ट्या पडल्या. त्याने तोंड उघडलं.

"हूं... हुहूं... हूं."

"आवाऽऽज!" खालून ओरड उठली.

"अबे, हिरोनं तोंडात खर्रा धरला काय बे?"

"थुक ना लेका, मंग बोल!"

मामाजी मशीनच्या खोलीकडे धावले. आमचे ऑपरेटर गुलाबभाऊ आतून ओरडत होते, "मालक, काटा पुरा वर हाये! आवाज काहून दबून राह्यला, काही समजून नाही राह्यलं!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मामाजींची इस्त्री घामाने उतरली होती. मला ते बघवेना.

"अहो," मी अमोलला हळूच विचारलं, "पडद्याला भोकं कशाला असतात?"

"आवाज बाहेर याले. स्पीकर मागं असते ना. काहून?"

मी पळाले! माझ्यामागे बाबा. पडद्यामागे जाऊन आम्ही नाड्या ओढायला लागलो. पण बाबांच्या गाठी त्या, बाबांनाच सुटेनात! तिकडे गुलाबभाऊंनी आवाज पूर्ण बंद करून टाकला, चित्र मात्र चालू. आम्हाला त्याचा पत्ता नाही. अर्धं अस्तर धप्पकन खाली आलं आणि मी किंचाळले,

"बाबा, लवकर सोडा! मामाजी मले आर्णीले पाठवतीन!"

नेमकं तेव्हा पडद्यावर हिरोईनने तोंड उघडलं होतं.

"थांब पोरी, गाठ पक्की हाये!" हे तिच्या मिशाळ बापाच्या तोंडून आलं.

टॉकीज हशाने फुटलं! शिट्ट्या काय, टाळ्या काय. कोणीतरी तर 'वन्समोर' ओरडलं.

अस्तर कवेत घेऊन बाहेर आले, तर समोर मामाजी आणि साहेब. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मामाजींनी अस्तराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि छाती फुगवून साहेबांकडे वळले.

"ऐकलं ना, साहेब? माईक नाही, मशीन नाही. आमच्या सूनबाईचा शब्द न् शब्द बाल्कनीच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. असं टॉकीज दाखवा मले तुमच्या अमरावतीत!"

साहेब रुमालाने डोळे पुसत होते, हसून हसून. "दिला पहिला शुक्रवार," ते म्हणाले. "पण अट आहे. खेळ चालू असताना सूनबाई डोळ्यांसमोर पाहिजे."

ते गमतीने बोलले. गुलाबभाऊंनी मात्र तो कायदाच धरला. आता दर शुक्रवारी, नवाकोरा पिक्चर लावायच्या आधी, ते मशीनच्या खिडकीतून डोकं काढून ओरडतात, "सूनबाई कुठी हाये?"

पहिल्या रांगेपासून अख्खं टॉकीज मान वळवून वर बघतं. मी बाल्कनीत उभी राहते, दोन्ही हात वर करून रिकामे दाखवते. मगच खेळ सुरू होतो.